जीप सफरी चालवणाऱ्यांना खुले पत्र : धक्के पुरे, आता दरी दाखवा

प्रति,
खडकाळ दऱ्याखोऱ्यांतून जीप सफरी चालवणारे व्यावसायिक आणि त्यांचे चालक-गाइड

विषय : सफरीत धक्के किती आणि दरी किती, याबद्दल

सप्रेम नमस्कार.

तुमच्या जाहिराती जगात कुठेही बघाव्यात, फोटो तोच. जीप एका अंगाला कललेली, पुढचं एक चाक हवेत, मागे तांबडे सुळके आणि मागच्या सीटवरच्या मंडळींचे आ वासलेले चेहरे. खालचा मजकूरही ठरलेला. काळजाचा ठोका चुकेल, पोटात गोळा येईल, हाडं खिळखिळी होतील. सफर संपवून लोक उतरतात तेही हेच सांगत. 'काय आदळलो आपण!' कुठून गेलो, तो खडक कसला होता, मधल्या कोरड्या पात्रात पाणी कधी येतं, असं विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मला या सफरी आवडतात. स्वतः गाडी घेऊन असल्या वाटेला जायची माझी हिंमत नाही आणि पायी तेवढं आत शिरणं आता गुडघ्यांना मानवत नाही. दरीच्या पोटात जायचं तर तुमच्याच जीपमध्ये बसायला हवं. म्हणून हे पत्र. तुमच्या चालकांच्या हातात आणि डोळ्यांत जे आहे ते फार मोलाचं आहे, आणि तुम्ही मात्र धक्के विकत बसला आहात, एवढंच माझं म्हणणं आहे. ते जरा सविस्तर सांगते.

चांगला चालक पायरीसारखा कातळ चढवतो तेव्हा बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसतच नाही. तो आधी गाडी पूर्ण थांबवतो. लो रेंजचा दांडा ओढतो. इंजिन पहिल्यासारखंच चालू राहतं, पण चाकं कितीतरी सावकाश आणि तितक्याच पटीने जास्त ताकदीने फिरू लागतात. जीप कंपनीच्या रँग्लर रुबिकॉनसारख्या गाडीत हा दांडा एकटाच वेग चौपट उतरवतो, पहिल्या गिअरची घट आणखी वेगळी. मग गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू रांगते. पुढचं चाक कडेला टेकतं, क्षणभर अडल्यासारखं होतं, रबर दगडाला धरतं आणि गाडी वर येते. धूळ नाही, चाकांची चरचर नाही, मानेला झटका नाही. उतारावरही तेच. ब्रेकवर पाय दाबून बसण्यापेक्षा इंजिनलाच गाडी धरू द्यायची आणि नाक सरळ उताराच्या दिशेला ठेवायचं, कारण उतारावर गाडी आडवी झाली की ती कलंडायला वेळ लागत नाही.

याच टप्प्यावरून पाय दाबून गाडी उडवत नेणारा चालक असतो, त्याच्या सफरीत लोक किंचाळतात, टाळ्या वाजवतात आणि शेवटी त्याच्याच हातावर जास्त बक्षिशी ठेवतात. सावकाश नेणाऱ्याबद्दल म्हणतात, 'ठीक होता, पण जरा बोअर.' हा दोष प्रवाशांचा नाही. काय बघायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एका सफरीत आमचा चालक अशाच एका टप्प्यापाशी खाली उतरला आणि एकटाच पुढे चालत गेला. दगडावर बूट घासून बघितला. एक सुटा धोंडा पायाने हलवला. वाकून गाडीच्या पोटाखालून पलीकडे नजर टाकली. परत आल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, डावं चाक त्या फिकट पट्ट्यावरून जाईल आणि उजवं थेट त्या धोंड्याच्या माथ्यावरून. धोंडा दोन चाकांच्या मध्ये का नाही घ्यायचा, असं कुणीतरी विचारलं. त्यावर तो म्हणाला, चाक दगडावर चढलं की सगळी गाडी उचलली जाते, दगड मध्ये घेतला तर तो डिफरन्शियलला, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या आसावरच्या लोखंडी गोळ्याला भेटतो. मग बंपर आधी टेकेल की मधलं पोट की मागची शेपटी, हे तीन कोन त्याने हाताच्या पंजाने दाखवले. पाच मिनिटं लागली असतील. नंतरच्या प्रत्येक चढापाशी मागच्या सीटवर वाद सुरू झाले, इथून नेईल की तिथून. तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली दोन पोरं त्यात सगळ्यात पुढे होती.

टायरची हवा सोडण्याचंच उदाहरण घ्या. सफर सुरू होताना चालक चाकांपाशी उकिडवा बसतो, फुस्स आवाज येतो, लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. रस्त्यावर 35 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असलेली हवा खडकाळ किंवा वाळूच्या वाटेवर 20 च्या जवळ, कधी त्याहून खाली आणतात. टायर जमिनीवर पसरतो, रुंदीपेक्षा लांबीत जास्त. गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं, रबर दगडाच्या उंचसखलपणाला लपेटून बसतं, आणि बारीकसारीक हादरे टायरच गिळून टाकतो. फार खाली नेली तर टायर रिमवरून सुटायचा धोका, आणि डांबरी रस्त्यावर परतण्याआधी पुन्हा भरली नाही तर बाजूच्या भिंती तापून टायर फुटायचा धोका. हे सांगायला दीड मिनिट पुरतं. ते दीड मिनिट तुमच्या सफरीच्या आखणीत का नसतं? त्याच वेळात तुम्ही स्पीकरवर गाणी लावून देता. (गाण्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. दगडी भिंतींमध्ये आवाज घुमतो, पुढच्या वळणावरच्या गाडीतल्या लोकांनाही तुमचीच गाणी ऐकावी लागतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीचं इंजिन तुमच्याच चालकाला ऐकू येत नाही.)

आता जमिनीकडे वळते, कारण खरी नासाडी तिथे आहे. जागच्या जागी फिरणारं चाक वालुकाश्मावर काळे पट्टे उमटवतं आणि कण सुटे करतं. सैल जमिनीत ते खड्डा पाडतं. पुढचा चालक तो खड्डा टाळायला जरा बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने. काही हंगामांत एका वाटेच्या चार होतात. कोरड्या प्रदेशात अशी जमीन लवकर भरून येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1944 या काळात, अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या तळावर कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात रणगाड्यांचा सराव चालायचा. त्या रणगाड्यांच्या खुणा अजूनही तिथे दिसतात. सराव संपून ऐंशी वर्षं झाली.

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या कोलोराडो पठारावर वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत, जळल्यासारखी दिसणारी माती असते. बघणाऱ्याला ती पडीक वाटते. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जिवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, त्यावर शैवाकं (दगडफुलासारखी) आणि मॉस वाढतात. हा पापुद्रा वाऱ्याने माती उडू देत नाही, ओल धरतो, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो. एका चाकाखाली तो भुगा होतो. सायनोबॅक्टेरिया त्यातल्या त्यात लवकर परततात, शैवाकं आणि मॉस परत यायला मात्र कित्येक दशकं आणि कोरड्या जागी त्याहूनही जास्त काळ जातो. तिथल्या उद्यानांमध्ये पायी चालणाऱ्यांनाही या मातीवर पाऊल ठेवू नका म्हणून सांगतात. आणि तुमचा चालक सूर्यास्ताचा फोटो नीट यावा म्हणून त्याच मातीवर गाडी वळवून उभी करतो, तेव्हा मागे बसलेल्या माणसाला कळणार तरी कसं की आत्ता काय झालं?

जॉर्डनमधल्या वादी रमचा हाच प्रश्न आहे, फक्त तिथे खडकाऐवजी वाळू जास्त. 2011 मध्ये युनेस्कोने ही दरी निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कारणांसाठी जागतिक वारसा यादीत घेतली. तिथल्या भिंतींवर सुमारे 25,000 कोरीव चित्रं आणि 20,000 लेख आहेत, माणसाच्या वावराच्या खुणा 12,000 वर्षं मागे जातात. पर्यटक तिथे येतो तो बहुतेक पिकअपच्या मागच्या बाकड्यांवर बसूनच, आणि सगळीकडे पसरलेल्या चाकांच्या खुणा ही त्या दरीची मोठी डोकेदुखी आहे. गाडी चालवणारे बहुतेक तिथलेच बेदूइन. कोणत्या घळीत पाणी झिरपतं, कोणत्या भिंतीवर उंट कोरलेत, हे त्यांना घरच्या अंगणासारखं माहीत. अशा माणसाच्या शेजारी बसून दोन तास फक्त वाळूच्या टेकडीवरून गाडी खाली सोडायची, हा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी तोट्याचा वाटतो.

ॲरिझोनातल्या कॅन्यन द शेईमध्ये वेगळी रीत आहे. ते 1931 पासून राष्ट्रीय स्मारक आहे, पण जमीन नावाहो लोकांची, आणि दरीच्या तळात कुटुंबं राहतात, शेती करतात. म्हणून तळात उतरायचं तर नावाहो गाइड सोबत लागतोच. पात्रात कुठे वाळू गिळंकृत करते हे त्यालाच ठाऊक असतं, हा त्यातला एक भाग. कोणाच्या अंगणातून आपण चाललो आहोत, याचं भान प्रवाशाला आपोआप येतं, हा दुसरा. गाइड सक्तीचा केल्याने तिथली सफर कंटाळवाणी झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, लोक पैसे मौजेसाठी देतात, भूगोलाच्या तासासाठी नाही. यावर तुमच्याच धंद्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ज्या जीप-वाटा आज जगभर गाजतात त्यांतल्या पुष्कळशा युरेनियमसाठी निघाल्या. 1952 मध्ये चार्ली स्टीन यांना मोआबजवळ मोठा साठा सापडला आणि मग पन्नासच्या दशकात कड्यांच्या अंगाखांद्यावरून ट्रकसाठी रस्ते खोदले गेले. त्यांतल्याच शेफर ट्रेलवर आधी मूळ रहिवाशांची वाट होती, मग गुरं खाली उतरवायची पायवाट झाली, मग ट्रकांसाठी ती रुंद केली गेली. साधारण 160 किलोमीटरचा व्हाइट रिम रस्ताही त्याच धामधुमीतला. त्या भागात युरेनियम फारसं निघालं नाही, रस्ते राहिले.

त्याच वर्षांत मोआबजवळच्या आर्चेस या संरक्षित क्षेत्राचे अधीक्षक बेट्स विल्सन सरकारी अधिकाऱ्यांना जीपमध्ये घालून या खडकांत हिंडवत होते. रात्री शेकोटीशी लांबलचक बोलणी चालत. हा मुलूख राखला पाहिजे, एवढंच त्यांना पटवायचं होतं. 1964 मध्ये कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि विल्सन त्याचे पहिले अधीक्षक झाले. म्हणजे एक अख्खं राष्ट्रीय उद्यान उभं राहण्यात मार्गदर्शकासह केलेल्या जीप सफरींचा वाटा होता. त्या अधिकाऱ्यांचीही हाडं दुखली असणारच. पण विल्सन यांनी त्यांना नुसतं आदळून परत पाठवलं असतं तर कागदावर सही कुणी केली असती? आज त्याच व्हाइट रिमवर एका दिवसासाठी गाडी न्यायची तरी परवाना काढावा लागतो, आणि लोक तो काढतात.

पुढचा मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मी गंमतीत घेऊ शकत नाही.

12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप घळीत 11 पर्यटक लोंढ्यात वाहून मेले. घळीवर त्या वेळी जेमतेम पाऊस होता. ढग फुटला तो कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला, आणि ते पाणी कातळावरून घसरत, कुठेही न मुरता, अरुंद घळीत भिंतीसारखं शिरलं. ते लोक पायी होते, पण उघड्या खडकाच्या प्रदेशात पाण्याचा नियम सगळ्यांना सारखाच. वाहत्या पाण्याची पातळी साधारण 60 सेंटिमीटरवर गेली की बहुतेक गाड्या, अगदी फोर-व्हील ड्राइव्हच्या सुद्धा, वाहून जाऊ शकतात. चारी चाकांना ताकद असून उपयोग काय, चाकं जमिनीला टेकलेली तर हवीत! ओमानमध्ये पूर आलेल्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या पात्रात, गाडी घालणं हा गुन्हाच आहे.

अशा वेळी 'आज जायचं नाही' हे वाक्य कोण उच्चारतं, यावर सगळं अवलंबून असतं. वर निरभ्र आकाश आहे, प्रवाशांनी पैसे भरलेत, कुणाचं उद्या परतीचं विमान आहे. चालकाला दूरवर डोंगरामागे काळं दिसतंय. तो परत फिरला तर कार्यालयात मालक विचारणार, पैसे परत कोण देणार. एका ठिकाणी मी हा संवाद कानांनी ऐकला आहे, आणि चालकाचा आवाज हळूहळू बारीक होत गेलेला आठवतो. हा निर्णय पूर्णपणे चालकाचा असला पाहिजे आणि त्यापायी त्याच्या खिशाला एका पैशाची तोशीस लागता कामा नये. ओल्या खडकाचंही तेच. वालुकाश्म भिजला की कमजोर होतो, आणि चिकणमातीच्या पट्ट्यात पावसानंतर सगळ्यात भारी टायरसुद्धा साबणावर ठेवल्यासारखे घसरतात. त्या दिवशी वाट बंद ठेवली तर चाकोऱ्या खोल जात नाहीत, पुढचा महिनाभर सगळ्यांची सफर सुखाची होते.

माणसांच्या शरीराबद्दल थोडक्यात. गरोदर बाई, मणक्याचं किंवा मानेचं दुखणं असलेला, नुकती शस्त्रक्रिया झालेला, यांना बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा. तुमच्यापैकी काही जण सांगतात, बरेच जण जीपच्या दाराशी कागदावर सही घेताना सांगतात, जेव्हा परत फिरायची लाज वाटते. 'सौम्य', 'मध्यम', 'खडतर' हे शब्द तुमचे तुम्हालाच कळतात. त्याऐवजी लिहा की अमुक तासांच्या सफरीत इतका वेळ खडकावर आहे, मागच्या बाकावर धक्के जास्त बसतात, आणि मधे उतरायची सोय आहे किंवा नाही. पट्टा बांधा आणि हात आत ठेवा हे तुम्ही सगळेच सांगता, त्याबद्दल धन्यवाद. गाडी अडकली तर मात्र प्रवाशांना ती ओढायच्या दोरीपासून लांब उभं करा. ताणलेली दोरी सुटली किंवा तिचा आकडा उपटला गेला की ती गोळीसारखी येते. हे बघायला गर्दी जमते आणि चालकाला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीची घाई असते.

तर मागणं काय? पहिलं, सफरीत एकदा तरी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वाटेवरच, कडेच्या मातीवर गाडी न चढवता. तिथे चालकाला बोलू द्या. त्या भिंतीवरच्या तिरक्या रेघा म्हणजे जुन्या वाळूच्या टेकड्यांचे थर, तांबडा रंग लोहाचा, खालपर्यंत ओघळलेला काळा चकचकीत लेप लोह-मँगेनीजचा आणि तो चढायला हजारो वर्षं लागतात, एवढं जरी तो बोलला तरी पुष्कळ. कोलोराडो पठारावरच्या नावाहो वालुकाश्मातल्या त्या टेकड्या ज्युरासिक काळातल्या वाळवंटातल्या आहेत. ज्या खडकावर तुमची जीप चढते त्याची वाळू एकेकाळी वाऱ्याने रचलेली होती, हे कळल्यावर त्याच चढाचा अनुभव बदलतो.

दुसरं, चालकाच्या नेमणुकीत आणि पगारात बदल करा. आज बहुतेक ठिकाणी त्याची कमाई बक्षिशीवर आणि दिवसभरात मारलेल्या फेऱ्यांवर चालते. फेऱ्यांवर पैसे दिले की गाडी पळणारच, आणि बक्षिशीवर पोट असलं की चाक हवेत जाणारच. गाडी न आदळता, वाट न सोडता सफर पूर्ण करणाऱ्याला चांगला पगार द्या. टायर आणि सस्पेन्शनचा खर्च किती वाचला ते वर्षअखेरीला तुमच्याच वहीत दिसेल. नव्या चालकाला महिनाभर जुन्या चालकाशेजारी बसवा, फक्त गाडी चालवायला शिकण्यासाठी नव्हे, तर त्याचं बोलणं ऐकण्यासाठीही.

आणि तिसरं लेखी हवं. चालकाने हवामानामुळे किंवा वाटेच्या अवस्थेमुळे सफर अर्ध्यावर फिरवली तर प्रवाशाला काय मिळेल, हे बुकिंगच्या पावतीवर छापा. पूर्ण परतावा, दुसऱ्या दिवसाची जागा किंवा आणखी काही, जे तुम्हाला परवडेल ते, पण छापील. त्याच ओळीखाली लिहा की त्या दिवसाचा चालकाचा पगार कापला जात नाही. ही ओळ वाचून मी तरी तुमच्याकडेच बुकिंग करीन, आणि चालक परत फिरूया म्हणाला तर मागच्या सीटवरून हुज्जत घालणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मागच्या बाकावरची एक प्रवासी